कौतिक इंग्रजीत कशी बोलते?

उद्धव शेळके यांची 'धग' मी पहिल्यांदा इंग्रजीत वाचली. हे एवढं साधं वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली. कारण शेळके हिंगणघाटचे, माझी आजी आर्वीकडच्या एका खेड्यातली, कादंबरी १९६० सालची आणि मराठीत सहज मिळणारी. तरी मी नागपुरात एम.ए. इंग्रजीच्या वर्गात बसून शांता गोखले यांनी केलेला तिचा अनुवाद, 'कौतिक ऑन एम्बर्स', वाचत होते. पेपर होता 'आधुनिक भारतीय साहित्य, अनुवादातून'. सेमिनारसाठी एक पुस्तक निवडायचं होतं आणि विदर्भातली कादंबरी घेतली तर वेगळी दिसेल, एवढाच माझा हिशोब होता.

सेमिनार चांगला झाला. वीस मिनिटांत मी दारिद्र्य, एकत्र कुटुंब, बाईचं सोसणं आणि 'रेझिलियन्स' असं सगळं बसवलं. अनुवादकाचं नाव पहिल्या स्लाइडवर खाली बारीक अक्षरात होतं. ते मी वाचूनसुद्धा दाखवलं नाही. मार्क मिळाले. शेवटी सिरोंच्याकडून आलेल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या एका वर्गमैत्रिणीनं विचारलं, "ही बाई इंग्रजीत इतकी नीट बोलते. मुळात ती कशी बोलते?"

मला सांगता आलं नाही. तिला तेलुगू-हिंदीमुळे मराठी कादंबरी वाचणं अवघड होतं, तिच्यासाठी इंग्रजी हाच एक दरवाजा होता. माझ्याकडे घराची किल्ली होती आणि मी खिडकीतून आत पाहत होते.

मग 'धग' मराठीत वाचली. पहिल्या काही पानांतच लक्षात आलं की या कादंबरीत मराठी एक नाही, दोन आहेत. निवेदन प्रमाण मराठीच्या जवळ राहतं, मधूनमधून तिकडचे शब्द घेत. पण माणसं तोंड उघडतात ती वऱ्हाडीत. 'मला'चं 'मले' होतं, 'ळ'चा 'य' होतो, वाक्य वेगळ्याच ठिकाणी वळतं. (नागपूरचे लोक इथे हात वर करतील की आमची बोली वऱ्हाडी नव्हे, नागपुरी. खरं आहे. पण आर्वीची आजी आणि नागपूरचा ऑटोवाला यांच्यात जेवढं अंतर आहे, त्यापेक्षा त्या दोघांत आणि पाठ्यपुस्तकात कितीतरी जास्त आहे.)

या दोन मराठींमधलं अंतर ही मला या कादंबरीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. कौतिक आपल्या मुलानं, नामानं, शिकावं म्हणून धडपडते. शिकणं म्हणजे काय? आपल्याकडे शिकणं म्हणजे आधी 'मले' सोडून 'मला' म्हणायला लागणं. म्हणजे नामाला जिथे पोचायचं आहे त्या काठावर निवेदन उभं आहे आणि कौतिक ज्या काठावर आहे तिथे संवाद. कादंबरीभर हे दोन काठ एकाच पानावर समोरासमोर असतात. आई मुलाला ज्या भाषेकडे ढकलते आहे, त्या भाषेत तिला स्वतःला बोलता येत नाही. हे शेळक्यांनी कुठे समजावून सांगायची गरज नाही. पान उघडलं की ते कानाला कळतं.

इंग्रजीत हे दोन काठ एक होतात. निवेदकही इंग्रजीत, कौतिकही इंग्रजीत. गरिबी दिसते, घर दिसतं, महादेवसारखा नवरा दिसतो, बाईचा पीळ दिसतो. भाषेची शिडी मात्र दिसत नाही.

यात अनुवादकाची चूक काढणं सोपं आहे आणि आमच्या वर्गात ती लगेच काढली जाते. 'फ्लेवर गेला' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते ऐकलं की चिप्सचं पाकीट आठवतं. पण वऱ्हाडीला इंग्रजीत पर्याय काय? लंडनच्या कामगारवस्तीची इंग्रजी वापरली तर कौतिक लंडनला जाईल. अमेरिकेच्या दक्षिणेची वापरली तर तिथल्या कापसाच्या शेतात जाईल. कापूस आपलाच वाटेल, पण इतिहास भलताच. स्पेलिंग मोडून लिहिलं तर ती अडाणी आणि विनोदी वाटेल. आणि विनोदी वाटण्याची भीती वऱ्हाडीला मराठीतच काय कमी आहे? आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये वऱ्हाडी बोलणारं पात्र स्टेजवर आलं की तोंड उघडायच्या आधीच पोरं हसायला सुरुवात करायची. विठ्ठल वाघांच्या कवितांनी वऱ्हाडीचा गंभीर सूर कानावर घातला होता, तरीही. तेव्हा बोली आणि मान यांतलं एकच वाचवायचं असेल तर मान वाचवावा, हा निर्णय मला पटतो. कौतिक इंग्रजीत हास्यास्पद होत नाही, ही लहान गोष्ट नाही. माझी तक्रार इतकीच की हा निर्णय होता, हे मला वर्गात बसून कधीच कळलं नसतं.

शीर्षकाचंही तसंच. 'धग' म्हणजे आग नव्हे, निखाराही नव्हे. आगीपासून अंतरावर उभं राहिलं तरी अंगाला लागते ती धग. ती दिसत नाही. इंग्रजी शीर्षकात निखारे आले आणि त्यांच्यावर कौतिक आली: आता एक चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं. मराठी शीर्षकात बाई नाही, चित्र नाही, फक्त लागणं आहे, आणि कुणाला लागतंय हेही सांगितलेलं नाही. वाचणाऱ्यालाही लागू शकतं. इंग्रजी शीर्षक आपल्याला बाहेर उभं करून तिच्याकडे बघायला लावतं. माझ्या सेमिनारनं नेमकं तेच केलं होतं.

एकदा हे बघायची सवय लागली की मग सगळीकडेच दिसायला लागतं. महेश एलकुंचवार नागपूरचे, इथल्या कॉलेजात वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलेले आणि नाटकं मराठीत लिहिलेले. 'वाडा चिरेबंदी' १९८५ साली रंगमंचावर आलं. कमल सान्याल यांनी केलेल्या अनुवादाचं नाव आहे 'ओल्ड स्टोन मॅन्शन'. यातला 'ओल्ड' कुठून आला? मराठी शीर्षकात जुनेपणाचा शब्दच नाही. 'चिरेबंदी' म्हणजे घडीव दगडांनी बांधलेला, पक्का, पिढ्यान्‌पिढ्या न हलणारा. शीर्षक वाड्याची शेखी मिरवतं आणि आत नाटकभर तो वाडा ढासळत असतो. अंगणातला गंजलेला ट्रॅक्टरसुद्धा हलत नाही. इंग्रजी शीर्षक हे गुपित तिकीट फाडायच्या आधीच फोडतं.

त्याच नाटकातली दुसरी गोष्ट मला जास्त छळते. देशपांड्यांची थोरली सून पात्रांच्या यादीतही 'वहिनी' म्हणूनच येते. इंग्रजीत शब्द तोच ठेवलाय, 'वहिनी', आणि एका अर्थी हे योग्यच. 'सिस्टर-इन-लॉ' लिहिलं असतं तर नणंद, जाऊ, वहिनी, मेहुणी सगळ्या एका गोणीत गेल्या असत्या. पण कॅपिटल अक्षरानं सुरू होणारं 'वहिनी' वाचून आमच्या वर्गातल्या एका हिंदीभाषक मुलानं पेपरात लिहिलं की वहिनी नावाची ही स्त्री खंबीर आहे. तो चुकला असं म्हणवत नाही. त्याला कागदावर एक नाव दिसलं. मराठी वाचकाला त्याच जागी नावाचा अभाव दिसतो: नात्यानं नाव गिळून टाकलेली बाई. म्हणजे शब्द जसाच्या तसा ठेवूनही अर्थ उलटा होऊ शकतो. अनुवादात मूळ शब्द ठेवला की काहीतरी वाचलं, असं मला आधी वाटायचं. आता वाटत नाही.

याचा मराठी माणसालाही फटका बसतो बरं का. यू. आर. अनंतमूर्तींची 'संस्कार' ही १९६५ची कन्नड कादंबरी. ए. के. रामानुजन यांनी १९७६ साली ती इंग्रजीत आणली तेव्हा शीर्षक कन्नडच ठेवलं आणि सुरुवातीला शब्दकोशातले त्याचे अनेक अर्थ दिले. आम्ही मराठी मुलं मात्र निर्धास्त होतो, शब्द आपलाच आहे म्हणून. आमच्यातल्या निम्म्यांना वाटलं पुस्तक 'चांगल्या संस्कारां'बद्दल असणार. प्रत्यक्षात एक प्रेत अंत्यसंस्काराशिवाय पडून आहे आणि अख्खा अग्रहार त्याच्याभोवती कुजतोय. ओळखीचा शब्द अनोळखी शब्दापेक्षा जास्त फसवतो.

कुमुद पावडे यांच्याबद्दल जरा सावकाश सांगते. नागपूरच्या एका दलित घरातली मुलगी संस्कृत शिकते, एम.ए. करते, आणि नोकरी मिळत नाही. मग आंतरजातीय लग्न होतं, आडनाव सोमकुवरचं पावडे होतं, आणि नोकरी मिळते. ही हकिगत त्यांच्या 'अंतःस्फोट' या १९८१च्या पुस्तकात आहे. प्रिया आदरकर यांनी तिचा केलेला अनुवाद अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या 'पॉयझन्ड ब्रेड' या १९९२च्या संग्रहात आला आणि तिथून देशभरातल्या इंग्रजी विभागांत पोचला. मला ती भेटली ती अशीच, झेरॉक्सच्या पानांवर. वाचून अंगावर काटा आला. इतकी मोठी गोष्ट इथेच, नागपुरात घडली, आणि ती मला इंग्रजीतून कळते आहे, याची लाजही वाटली.

मूळ पुस्तक मला धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लागणाऱ्या पुस्तकांच्या दुकानांत मिळालं. ज्यांनी ती गर्दी पाहिली नसेल त्यांना सांगते: लोक रात्रभर प्रवास करून येतात आणि परत जाताना पिशव्यांतून पुस्तकं नेतात. कव्हरवरचं नाव मी मोठ्यानं उच्चारलं: अंतःस्फोट. त्या विसर्गापाशी जीभ क्षणभर थांबते. ज्या भाषेपासून पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवलं, त्या भाषेचा विसर्ग आपल्या आत्मकथनाच्या कपाळावर लावणं, यात सगळा झगडा आलाच की. इंग्रजी वाचकाला सांगावं लागतं की या बाईनं संस्कृत मिळवलं. मराठी वाचकाला ते नाव वाचतानाच ऐकू येतं. मजकूर इंग्रजीत पोचतो, पुरावा मराठीत राहतो.

पण उलट बाजूही त्याच संग्रहानं दाखवली. इंग्रजीत हे लेखन गेलं नसतं तर सिरोंच्याच्या माझ्या मैत्रिणीपर्यंत पोचलं नसतं, आणि खरं सांगायचं तर माझ्यापर्यंतही नाही. माझ्या घरच्या कपाटात पु.ल. होते, रणजित देसाई होते, 'अंतःस्फोट' नव्हतं. जातीनं जे पुस्तक माझ्या कपाटात येऊ दिलं नाही, ते परक्या भाषेनं आणून दिलं. म्हणून मूळ ते खरं आणि अनुवाद ती सावली, असं कुणी म्हणालं की मला विचारावंसं वाटतं: मूळ तुमच्या घरात होतं का?

जी भाषा येतच नाही तिचं काय करायचं, हा पुढचा प्रश्न. बामा यांचं 'करुक्कु' हे १९९२चं तमिळ आत्मकथन आम्हाला लक्ष्मी होल्मस्ट्रॉम यांच्या इंग्रजी अनुवादात होतं. तमिळचं एक अक्षर मला कळत नाही. बर्डीतल्या झेरॉक्सच्या दुकानात त्याचा जो सेट मिळायचा, तो पहिल्या प्रकरणापासून सुरू व्हायचा. प्रस्तावनेची पानं पैसे वाचवण्यासाठी कुणीतरी कधीच गाळली होती. ती मी नंतर लायब्ररीतल्या प्रतीत वाचली. तिथे होल्मस्ट्रॉम सांगतात की बामांनी बोलीभाषा फक्त संवादात वापरलेली नाही, निवेदन आणि विवेचनसुद्धा त्याच बोलीत केलं आहे.

'धग' वाचलेली नसती तर हे वाक्य मी अधोरेखित करून पुढे गेले असते. आता थबकले. शेळके बोलीला संवादात जागा देतात, पण गोष्ट सांगायचा अधिकार प्रमाण भाषेकडे ठेवतात. बामा तो अधिकारच काढून घेतात: जिचं बोलणं, तिचंच सांगणं. दोन पुस्तकांत तीसेक वर्षांचं आणि एका जातीच्या अनुभवाचं अंतर आहे, ते या एका निवडीत दिसतं. इंग्रजीत दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवा, फरक शोधून सापडणार नाही. तो कळायला अनुवादकाचं ते एक पान लागतं. आणि झेरॉक्समध्ये नेमकं तेच पान नसतं. परीक्षेत अनुवादावर प्रश्न नसतो, मग ती पानं कोण छापणार?

आमच्या पेपरात 'अनुवाद' याचा अर्थ इंग्रजी अनुवाद, हे मला फार उशिरा खटकलं. एस. एल. भैरप्पांची 'वंशवृक्ष' उमा कुलकर्णी यांनी कन्नडमधून मराठीत आणली आणि त्यासाठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड मजकूर वाचून टेप करायचे आणि उमाताई तो ऐकून मराठीत लिहायच्या. म्हणजे कन्नड आधी कानातून आली. त्या मराठीत सासू सासूच राहते, आत्या आत्याच. नात्यांसाठी तळटीप लागत नाही. इंग्रजीच्या विद्यार्थ्यानं मात्र ही पुस्तकं 'अनुवादातून भारतीय साहित्य' म्हणून वाचली तर ती अवांतर वाचनात जमा होतात. साने गुरुजींनी आंतरभारतीचं स्वप्न पाहिलं ते या शेजारच्या वाटेचं होतं. खांडेकरांच्या कादंबऱ्या तमिळ घराघरांत गेल्या, त्या इंग्रजीच्या मार्गे नव्हे. नागपूरला तर हे नवीन असायचं कारणच नाही. १९५६पर्यंत हे शहर हिंदी-मराठी अशा दुभाषी राज्याची राजधानी होतं. घरी मराठी बोलणारे गजानन माधव मुक्तिबोध राजनांदगावला जाण्याआधी इथे राहून हिंदीत लिहीत होते आणि त्यांचे भाऊ शरच्चंद्र याच शहरात मराठीत. एका आईच्या दोन मुलांच्या दोन भाषा, आणि आमचा अभ्यासक्रम दोघांनाही इंग्रजीत भेटायला बोलावतो.

आणि माझी आजी. ती चौथीपर्यंत शिकली. गावच्या वाचनालयातून तिनं मामा वरेरकरांनी मराठीत आणलेले शरदबाबू वाचले, एकामागून एक. ते बंगाली आहेत हे तिला माहीत होतं, पण त्याचं तिला कधी ओझं झालं नाही. मी एकदा विचारलं, परकं नाही वाटलं? ती म्हणाली, "पुस्तकातलं सारंच परकं रायते. आपल्यासारखं कोण बोलते पुस्तकात?" मी तेव्हा हसले होते. आता कळतं की तिच्यासाठी प्रमाण मराठीसुद्धा अनुवादच होता. ती बंगाली मराठीतून वाचायची, मी वऱ्हाडी इंग्रजीतून वाचत होते, आणि मधल्या काळात तिच्याच मुलीनं, म्हणजे माझ्या आईनं, मला 'मले' म्हटल्याबद्दल चापट मारून सुधारलं होतं.

सेमिनारनंतरच्या दिवाळीत मी आर्वीला गेले होते. मराठी 'धग' अजून हाती यायची होती. दुपारी फोनवर वाचत पडले होते, तर आजीनं विचारलं, "काय वाचून राहिली?" मी म्हटलं, तुझ्याकडच्याच एका बाईची गोष्ट आहे, पण इंग्रजीत. "मंग सांग ना मराठीत."

सांगायला लागले. कौतिक नवऱ्याशी बोलते तो भाग होता. इंग्रजी वाक्य वाचायचं, मनात मराठी करायचं आणि बोलायचं. दोन वाक्यं झाली आणि आजीनं अडवलं. "ते बाई खेड्यातली आहे म्हणते न तू? मंग पुण्याच्या मास्तरणीसारखी काऊन बोलते?" मी पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा दुरुस्त केलं. शब्द, मग वाक्याचा शेवट, मग सूर. मी 'जाते' म्हटलं की ती 'जातो' म्हणायची. तिच्या बोलीत बाईसुद्धा 'मी जातो'च म्हणते. इंग्रजीत हा फरक नाहीच आणि शाळेच्या मराठीत तो चूक ठरतो. तासाभरात आमची दीड पानं झाली. ती मी वहीत उतरवून घेतली.

पुढे मूळ कादंबरी मिळाल्यावर ती वही शेजारी ठेवून बघितली. बऱ्याच जागी आजीचं वाक्य वेगळं होतं, अर्थातच. तीन ठिकाणी तिचा शब्द आणि शेळक्यांचा शब्द एकच निघाला. एका ठिकाणी मला आजीचाच जास्त बरा वाटला, पण हे मी कुठल्या पेपरात लिहिणार?

पुढच्या खेपेला मराठी पुस्तक घेऊन गेले आणि मोठ्यानं वाचायला लागले. वऱ्हाडी वाक्यांवर मी अडखळत होते. डोळ्यांना कळत होती, जिभेला वळत नव्हती. आजीनं थोडा वेळ ऐकून घेतलं, मग चष्मा पुसला आणि हात पुढे केला. "आण इकडं. मी वाचतो."